गव्हाची खळ

अमेरिकेत मॉरिसव्हिलजवळच्या एका लायब्ररीत जुनी पुस्तकं दुरुस्त करणाऱ्या एक बाई आहेत. साठी उलटलेल्या, दर रविवारी न चुकता चर्चला जाणाऱ्या. पुस्तक उघडण्याआधी त्या त्याला ‘एक्स्क्यूज मी’ म्हणतात. माणसांना म्हणताना मी कधी ऐकलं नाही.

त्यांच्याकडे मी आमच्या घरची हस्तलिखित पोथी नेली. तीनेकशे वर्षांपूर्वी एका मुसलमान संताने मराठीत रचलेली. कर्ता मुसलमान आहे हे कळल्यावर आमचे पुण्याचे काका ती नदीत सोडायला निघाले होते, म्हणून मी सरळ बॅगेत घालून इकडे आणली.

बाईंनी पोथीला हात लावण्याआधी विचारलं, “आमचा सरस जनावराच्या कातड्याचा असतो. तुमच्या पुस्तकाला चालेल?”

मला हे सुचलंच नव्हतं. “नको,” मी म्हणाले. मग त्यांनी खास गव्हाच्या पिठाची खळ शिजवली.

पुढे दर शुक्रवारी मी डोकवायचे. कितीही आभार मानले तरी त्यांचं उत्तर एकच, “अजून वाळायचंय.”

शेवटच्या शुक्रवारी त्यांनी पहिल्या ओळीकडे बोट दाखवलं. “इथे काय लिहिलंय?”

“श्रीगणेशाला नमस्कार.”

“पण लिहिणारा मुसलमान होता म्हणालात ना?”

“हो. पण ऐकायला बसणारे बहुतेक हिंदू होते.”

बाई खळीची वाटी धुवायला लागल्या.

“म्हणजे त्यानेही आधी विचारलं होतं.”