नानांचं ‘बरोबर’

परभणीच्या स्टेशनवर नाना मला सोडायला आले होते, पण त्यांचं अर्धं लक्ष घड्याळात होतं. रविवार होता, रेडिओवर शास्त्रीय संगीताची सभा लागायची होती आणि काचीगुड्याची गाडी यायचं नाव घेत नव्हती. आई पदराने डोळे पुसत होती. नाना म्हणाले, “पोचल्यावर पत्र टाक. आणि ऐकत जा.” गाडी हलली तशी ते चार पावलं बरोबर चालले आणि मग खरंच घाईघाईने फाटकाकडे वळले. मला असा राग आला! पोटची पोर परमुलखात नोकरीला निघाली आहे आणि ह्या माणसाला सभा बुडायची काळजी.

आमच्या घरी रेडिओ नुसता ऐकत नसत, तिथे परीक्षा चालायची. नाना शाळेत गणिताचे मास्तर. निवेदक बोलायला लागला की ते आवाज बंद करायचे, गाणं सुरू झालं की पुन्हा मोठा करायचे. मग राग ओळखायचा. हरेल त्याने चहा टाकायचा. शेवटी निवेदक रागाचं नाव पुन्हा सांगायचा, तो आमचा निकाल. उत्तर जमलं तर नाना फक्त “बरोबर” म्हणत, आणि चुकलं तर सबंध गल्लीला कळायचं. आई म्हणायची, “बापलेकीला रागानं पोट भरतंय, स्वयंपाक कामून करू मी?”

हैदराबादेत पहिली चार वर्षं चिक्कडपल्लीत एका खोलीत काढली. गौलीगुड्याच्या बाजारातून एक छोटा ट्रान्झिस्टर आणला होता. घरमालकीण तेलुगू, पण माझ्याशी दखनीत बोलायची. संथ ख्याल लागला की दारात उभी राहायची. “इत्ती देर से एकीच लफ्ज कायकू गारा उने?” मी हसून म्हणायची, “अभी आगे जाता अम्मा.” ती बिचारी थांबायची, तो काही पुढे जायचा नाही. पहिल्या वर्षी त्या खोलीत मी फार रडले, आणि रडले ते बहुतेक वेळा रेडिओ चालू ठेवूनच.

पुढे लग्न झालं, तारनाक्यात घर झालं, मराठीत ‘हौ’ आणि ‘नक्को’ कधी शिरले ते कळलं नाही. आई गेली. ट्रान्झिस्टरच्या जागी मोबाइलवरचं ॲप आलं आणि आमची परीक्षा फोनवर सुरू झाली. दर रविवारी नाना परभणीत रेडिओ लावणार, मी इथे ॲप लावणार. ॲपवर गाणं अर्धा मिनिट उशिरा येतं, म्हणजे नानांना ते माझ्याआधी ऐकू जाणार. तरी ते गप्प राहायचे. मी पुरतं ऐकून, खात्री झाल्यावरच नाव सांगायची आणि पलीकडून यायचं, “बरोबर.” मला वाटायचं, म्हातारपणी माणूस मऊ झाला, लेकीला जिंकू देतोय. ह्या विचाराने मी कितीतरी रविवार सुखात काढले.

गेल्या महिन्यात एके दिवशी रेडिओवर पहाटेपासून रात्रीपर्यंत शास्त्रीय संगीतच होतं, ज्या त्या प्रहराला ते ते राग. ते निमित्त सांगून मी नानांना पंधरा दिवसांसाठी इकडे आणलं. मनात होतं, आता परत पाठवायचंच नाही. त्या दिवशी रजा काढली. पहाटे ललत लागला तेव्हा खिडकीत उजेड नव्हता, पलीकडे रेल्वेचा भोंगा वाजला आणि नाना शाल पांघरून खुर्चीत डोळे मिटून बसलेले. घरात सूर भरत गेले तसा उजेडही भरत गेला. कितव्यांदा तरी वाटलं की मी परभणीतच आहे, आत आई आहे, आणि हैदराबाद अजून व्हायचं आहे.

नवाच्या सुमाराला एका बाईंचं गाणं सुरू झालं. दूध उतू जात होतं म्हणून मी स्वयंपाकघराकडे पळता पळता ओरडले, “गुर्जरी तोडी!”

“बरोबर,” नाना म्हणाले.

गॅस बंद केला आणि ऐकलं, तर बाईंचा पंचम स्वच्छ लागत होता. गुर्जरीत पंचम नसतो, तोडीत असतो. फरक एवढाच, पण हीच चूक मी दहावीत केली होती तेव्हा नानांनी ती दिवसभर गल्लीला ऐकवली होती. मी बाहेर येऊन उभी राहिले. गाणं संपलं. निवेदिका म्हणाली, “राग तोडी.” तिचं बोलणं नानांना नीट कळलं. त्यांनी कप खाली ठेवला आणि माझ्याकडे बघितलं.

“किती दिवस झाले?” मी विचारलं.

“तीन वर्षं होतील.” ते शांत होते. “बोललेलं कळतं. गाणं कळत नाही. डाव्या कानात एक सा, उजव्यात दुसराच. रेडिओ लावला की जीव नकोसा होतो.”

“मग दर रविवारी?”

“बंद असतो. तू नाव सांगतीस. मग तो राग मला आतून ऐकू येतो, पहिला होता तसा.”

“मला सांगायचं होतं ना, नाना!”

“सांगितलं असतं तर फोनवर तू काय बोलली असतीस? जेवलात का, गोळी घेतली का. संपलं.”

मला रडू आलं, कारण ते खरं होतं. मी रेडिओ बंद करायला गेले तर त्यांनी हात आडवा केला. “तू ऐक. तुझं काय बिघडलंय?” मग दुपारभर सारंगाचे प्रकार चालू होते. ते छताकडे बघत होते, मी त्यांच्याकडे.

दिवेलागणीला एक गवई आले. नानांनी भुवई उचलली.

“कळत नाही नाना. मारवा असेल, पुरिया असेल. सूर तर तेच दोन्हीकडे.”

“नाव नको सांगू. थांबतोय कुठं, ते सांग.”

मी डोळे मिटले. “गंधारावर. आता खाली गेला... निषादावर थांबला.”

“धैवतावर?”

“नाही, नुसता जाऊन येतो.”

“मग मारवा नाही, पुरिया,” नाना म्हणाले. त्यांच्या चेहऱ्यावर जे आलं ते मी कित्येक वर्षांत बघितलं नव्हतं.

नाना इथे राहिले नाहीत. पंधराव्या दिवशी परभणीला गेले, म्हणाले, तिथं माझं सगळं हाताशी आहे. आता फोनवर मी नावं सांगत नाही. गळा कुठे टेकतो, कुठून परत फिरतो, तेवढं सांगते. ते तिकडे ओळखतात. बऱ्याचदा माझ्याआधी.

परभणीत मागे राहिलेले विचारतात, परत कधी येणार. माझ्यासारखे निघून आलेले विचारतात, तुझं घर आता कुठलं. मला वाटतं, आपण ऐकलेलं ज्याला सांगावंसं वाटतं, तो असेल तिथे आपलं घर. नाना शहाऐंशीचे आहेत. हे घर फार दिवसांचं नाही, मला कळतं. म्हणून गाणं चालू असताना मला कुणी फोन करू नका. लागणार नाही.