आभाळातून टाकायची दशमी

अख्ख्या लखनौ शहरात पुराची तयारी आमच्या वरच्या मावशींइतकी मन लावून कुणी केली नसेल, आणि त्या राहत होत्या विमानतळाजवळच्या अमौसीला, जिथे आमच्या घराच्या आसपास नदी तर सोडाच, धड एखादं तळंही नव्हतं. वरच्या म्हणजे आमच्या वरच्या मजल्यावरच्या. नात्याने त्या आमच्या कुणी नव्हत्या. माझे वडील विमानतळावर सामान चढवण्या-उतरवण्याच्या कामाला, मावशींचे यजमान तिथल्याच अग्निशमन दलाच्या गाडीवर, आणि दोन्ही घरं मूळची जळगावकडची, एवढ्यावर आईने त्यांना बहीण मानलं होतं. मी तेव्हा कॉलेजात राज्यशास्त्र शिकत होतो. आमच्या घरात कॉलेजचं तोंड पाहिलेला मी पहिलाच, त्यामुळे माझ्याकडे सगळे जरा जास्तच आदराने बघत आणि मला त्याचा संकोच वाटे. मावशींनी मात्र पहिल्याच भेटीत तो आदर संपवून टाकला. त्या राहायला आल्या त्याच आठवड्यात मी कॉलेजातून परतत होतो. फाटकाशी पोचलो तोच पायाशी धप्पकन काहीतरी पडलं. वर बघितलं, तर गच्चीच्या कठड्यावरून एक बाई वाकून बघत होत्या. मला वाटलं, विचारतील, लागलं का. त्यांनी विचारलं, "फुटलं का रे?" मी ते पुडकं उचलून उलटसुलट करून बघितलं आणि नाही म्हणालो. "मग वर घेऊन ये," त्या म्हणाल्या, "आणखी एकदा टाकून बघू."

त्याचं असं होतं, की पावसाळ्यात पूर्वेकडच्या नद्या फुगल्या की सरकार अडकलेल्या लोकांसाठी हेलिकॉप्टरमधून अन्नाची पाकिटं टाकत असे. ती भरून देण्याचं काम शाळांकडे, संस्थांकडे, बायकांच्या मंडळांकडे येई. आमच्याकडच्या मराठी बायकांच्या मंडळालाही दर वर्षी निरोप यायचा. बाकीच्या बायका निरोप आल्यावर पिशव्या शोधायला लागत. मावशी उन्हाळ्यापासूनच पुडकी बांधून गच्चीवरून खाली टाकायला सुरुवात करत. आत प्लास्टिक, मग वर्तमानपत्राचे चुरगळलेले गोळे, मग जाड कागद, आणि वरून जुना स्वेटर उसवून काढलेली हिरवी लोकर. सुतळी का नाही, असं विचारलं तर म्हणत, "ओली झाली की गाठ सुटत नाही. उपाशी माणसाला गाठी सोडायला लावू नयेत." माझी धाकटी बहीण मराठी समजायची पण बोलायची हिंदीतच. ती रोज सकाळी जिन्यातून ओरडून विचारी, "मावशी, आज बमबारी कितने बजे है?" भाजीवाल्या भैयाने तर गाडी लावायची जागाच बदलली. "माताजी, मेरे टमाटर का ख़याल रखिएगा," तो म्हणाला, तर मावशी गच्चीवरूनच म्हणाल्या, "टमाटर फूटेगा तो पैसे देगी. पाकिट नहीं फूटेगा, वो मेरा जिम्मा." काका, म्हणजे त्यांचे यजमान, कमी बोलणारे होते. आठवड्यातून अनेकदा ते धावपट्टीवर आगीची कवायत करत. एकदा चहा पिता पिता मला म्हणाले, "आमचं खातं न पडणाऱ्या विमानाची वाट बघतं. हिचं खातं पडणाऱ्या पाकिटाची. मधल्या मधे माझी भाजी करपते."

ही तयारी फक्त पुडक्यांपुरती नव्हती. त्यांच्या घरात ट्रंका विटांवर होत्या, पिठाचा डबा माळ्यावर होता, आणि काडेपेटी तर इतकी उंच ठेवलेली, की सकाळचा पहिला चहा करायला काकांना स्टुलावर चढावं लागे. "अहो, पूर आलाच तर गोमतीला येईल, इथे कुठून येणार?" आई हसून म्हणे. "पाणी काय पत्ता विचारत येतं का?" मावशी म्हणत. चारबाग स्टेशनवर पाहुण्यांना आणायला जायचं असलं तरी त्या निम्म्या गावाला पुरेल इतकं जेवण बरोबर घेत. गाडी वेळेवर आली तर हमालांना वाटून टाकत. "रेल्वेवर भरवसा ठेवावा, सरकारवरही ठेवावा," असं त्यांचं म्हणणं, "पण जेवून ठेवावा."

त्यांचा खरा जीव होता दशमीवर. कणीक पाण्यात न भिजवता दुधात गूळ विरघळवून त्यात भिजवायची, तुपावर खमंग भाजायची, की प्रवासात कितीतरी दिवस टिकते, हे आमच्याकडच्या सगळ्या बायकांना ठाऊक होतं. मावशींना तेवढ्याने समाधान नव्हतं. पावसाच्या दमट हवेत, ओल्या छपरावर, उन्हापावसात ती किती टिकते हे त्यांना बघायचं होतं. म्हणून त्यांच्या न्हाणीघरात दोरीवर दशम्यांची पुडकी लटकत असत आणि मला अधूनमधून वर बोलावणं येई. "वास घे." "कधीची आहे, मावशी?" "ते विचारू नकोस. कळलं की नाक खोटं बोलतं." मी वास घेई, मग चव घेई, आणि घाबरत घाबरत कॉलेजला जाई. मला कधीही काही झालं नाही.

अडचण एवढीच होती, की सरकारला दशमी नको होती. पाकिटात पुऱ्या आणि बटाट्याची सुकी भाजी असावी, असा आदेश होता. मावशींनी माझ्याकडून हिंदीत अर्ज लिहून घेतला आणि मला बरोबर घेऊन कचेरीत गेल्या. तिथले बाबूजी वाईट नव्हते. त्यांनी आम्हाला बसायला सांगितलं, पाणी दिलं. "अम्मा, पूड़ी तो ऊपर से तय है," ते म्हणाले, "और पूड़ी में बुराई क्या है? शुभ चीज़ है, हर आदमी खाता है." मावशींनी पिशवीतून दोन पुडकी काढून त्यांच्या टेबलावर उघडली. एकात पुरीभाजी, दुसऱ्यात दशमी, दोन्ही एकाच दिवशी केलेल्या आणि न्हाणीघरात टांगलेल्या. बाबूजींनी नाकाला रुमाल लावला. "अरे, यह तो सड़ गया है. इसे कौन खाएगा?" "वही लोग," मावशी म्हणाल्या. "बनते एक दिन, ट्रक में एक दिन, बारिश रुकने की राह देखते और एक दिन. मिलता है तब ऐसा होता है." बाबूजींनी दशमी हातात घेतली. तुकडा मोडून खाल्लाही. मग आवाज खाली आणून म्हणाले, "ऐसा कीजिए, बोरे पर पूड़ी लिख दीजिए. अंदर आप जो चाहें रखिए. मैंने कुछ देखा नहीं."

मला वाटलं, मावशी खूश होतील. त्यांनी पुडकी पिशवीत भरली. टेम्पोत बसल्यावर म्हणाल्या, "म्हणजे पुढच्या वर्षी परत पुरीच." धोरण या शब्दाची व्याख्या मला पाठ होती, पण पूर येऊन गेल्यावर कशाचं वाटप करायचं एवढंच ज्यात ठरलेलं आहे, त्याला तयारी म्हणायचं का, हे पुस्तकात नव्हतं. मावशींनी ते एका वाक्यात सांगितलं. "पूर दर वर्षी येतो, आणि हे दर वर्षी दचकतात." मग टेम्पोच्या खडखडाटात, भाजीचा भाव सांगावा तसं त्यांनी मला सांगितलं, की त्या लहान असताना तापीच्या पुरात त्यांचं घर बुडालं होतं आणि सगळे शाळेच्या छपरावर बसले होते. "नावेतून पुडकी आली. पुऱ्या आणि भाजी. कधी केलेली होती कुणास ठाऊक, भाजीला तार सुटली होती. आई म्हणाली, खाऊ नका. मी ऐकलं. माझ्या धाकट्या बहिणीला, शकूला, भूक आवरली नाही. चार वर्षांची होती." मग म्हणाल्या, "डॉक्टर आले, पण पाणी उतरल्यावर." आणि थोड्या वेळाने, "सरकारने अन्न पाठवलं होतं, हे खरंच आहे. नाही पाठवलं असं मी कधी म्हणणार नाही."

अठ्ठ्याण्णव सालच्या पावसात गोरखपूरकडे राप्तीचं पाणी चढलं आणि मंडळाला निरोप आला. मावशींच्या स्वयंपाकघरात दिवसभर तवा उतरला नाही. बायकांनी आधी कुरकुर केली. एकीने टोमणाही मारला, "आता पुरातल्या लोकांना आपला फराळ का?" पण मावशींच्या हाताचा वेग बघून तीही कणीक मळायला बसली. पोत्यांवर 'पूड़ी' हा शब्द मी लिहिला. मावशींनी तो एकदा वाचला आणि तोंड फिरवलं. काका म्हणाले, "पोटात गेल्यावर कोण वाचतंय." पोती गेली. काही दिवसांनी कॉलेजच्या सेवा योजनेतून आम्हा मुलांनाही औषधं आणि क्लोरीनच्या गोळ्या वाटायला तिकडे नेलं.

त्यानंतर वर्षभरात काका निवृत्त झाले आणि दोघं जळगावला निघून गेली. वरच्या मजल्यावर एक बँकेतलं कुटुंब राहायला आलं. पुढच्या पावसाळ्यात मंडळाला निरोप आला तो पुऱ्यांचाच, आणि दशमीला परवानगी मागावी असं कुणाला वाटलं नाही. कागदोपत्री तर ती कधी गेलीच नव्हती. आता गच्चीवरून काही पडत नाही, भाजीवाला भैया पुन्हा फाटकाशी गाडी लावतो, आणि तिथून जाताना मी अजूनही एकदा वर बघतो.

पण मावशींची आठवण निघाली, की मला मी पुराच्या भागातून परत आलो ती संध्याकाळ आठवते. त्या गच्चीवर तांदूळ निवडत बसल्या होत्या. मी त्यांना सांगितलं, की बंध्यावर, म्हणजे नदीकाठच्या मातीच्या बांधावर, माणसं, गुरं, कोंबड्या सगळे एकत्र बसले होते, आणि तिथे एका बकरीच्या गळ्यात मला हिरवी लोकर दिसली. मावशींचा हात थांबला. "कुणाची बकरी?" "एका म्हातारीची. तिची नात होती बरोबर. मी लोकरीचं विचारलं, तर म्हणाली, ऊपर से गिरा था, भैया, मीठी रोटी थी, जाने कौन देस की." मला वाटलं, हे ऐकून त्या हसतील. त्यांनी विचारलं, "नात कशी होती?"

"लहान होती. आजीच्या मांडीवर झोपली होती. झोपेत कूस बदलत होती."

"जेवून झोपली होती, का तशीच?"

मला माहीत नव्हतं. जेवून, असं म्हणणं सोपं होतं, पण ते तोंडातून निघेना. "ते विचारायचं राहिलं, मावशी," मी म्हणालो. "आजी तिच्या ओठांवरच्या मुंग्या पुसत होती, एवढं बघितलं."

"मुंग्या?"

"बंध्यावर सगळीकडेच होत्या. पाण्यामुळे वर चढलेल्या."

"असू देत सगळीकडे," मावशी म्हणाल्या. "ओठांवर त्या गुळालाच येतात."

मग त्यांनी सूप बाजूला ठेवलं आणि कठड्याला पाठ टेकून बसल्या, पोटभर जेवल्यावर माणूस बसतं तशा.