आमच्या ऑफिसातल्या जावकबाई

हिंगोली जिल्ह्यातल्या कुठल्याही गावाचं नाव घ्या, त्याचं पोस्ट कोणतं आणि पिनकोड काय, हे जावकबाई मान वर न करता सांगत. आडनाव चव्हाण, पण येणाऱ्या-जाणाऱ्या टपालाची नोंद करणाऱ्या आवक-जावक टेबलावर त्यांची इतकी वर्षं गेली, की ते आडनाव फक्त पगारपत्रकात उरलं होतं. डोंगरकड्याजवळच्या तांड्यावरून त्या रोज यायच्या, वारंगा फाट्यावर गाडी बदलून, आणि तरी सगळ्यांच्या आधी. मी ऑफिसपासून दहा मिनिटांवर राहायचो आणि उशिरा पोचायचो. त्यांच्यावरचा माझा राग इथपासून सुरू होतो.

राग कसला, हेवाच तो. मी नांदेडला संगणकाचा डिप्लोमा केलेला. दोन हजारच्या सुमारास ऑफिसात संगणक आले, तेव्हा त्यातलं समजणारा मी एकटाच होतो. वडिलांच्या वयाची माणसं मला 'सर' म्हणू लागली आणि मला ते फार आवडायचं. जावकबाईही सरच म्हणायच्या. पण टपाल नोंदवून झालं, की पदर खोचून माझ्या पाठीशी येऊन उभ्या राहायच्या.

"काय बघता, बाई?"

"काई न्हाई, सर. कुठून निघून कुठं जाऊन राहिलं, ते बघून राहिले."

दुसरं कुणी बघत असलं की मी फुशारून जायचो. बाई बघत असल्या की माझा हात अडखळायचा, कारण त्यांना कळत होतं.

आमच्या आठही टेबलांच्या संगणकांवरून छापायचे कागद आधी कोपऱ्यातल्या एका जुन्या संगणकाकडे जात आणि तिथून प्रिंटरवर निघत. तो आमचा प्रिंट सर्व्हर. एका जूनमध्ये तो बंद पडला तो कायमचाच. त्याच्या जागी बसवायचा नवा सर्व्हर, पुस्तकाएवढा एक डबा, आठवड्यापूर्वीच येऊन पडला होता. "अर्ध्या तासाचं काम आहे," मी साहेबांना सांगून टाकलं.

बाहेर खिडकीशी कॉलेजच्या प्रवेशाचे दाखले न्यायला खेड्यापाड्यांतली माणसं उभी होती. दुसरा दिवस प्रवेशाचा शेवटचा. दाखले तयार होते, नुसते छापायचे होते. दुपारचे दोन वाजले, तरी कागद निघेना. डबा चालू, प्रिंटर चालू, आणि प्रत्येक टेबलाचं एकच म्हणणं, प्रिंटर सापडत नाही. खिडकीतून एक म्हातारा दर पाच मिनिटांनी विचारायचा, "झालं का हो, सायेब?" माझा शर्ट घामानं पाठीला चिकटला होता.

"सर, एक विचारू?" मागून बाईंचा आवाज आला. "जुने सायेब बदलून गेले अन् नवे आले, तर टपाल कोणत्या पत्त्यावर येतंय?"

"ऑफिसच्याच. त्याचं काय?"

"मंग या टेबलांना जुन्या मशीनचाच पत्ता ठावा हाय. तुमी डब्याला नवा देऊन राहिले. जुनाच द्या की."

नेटवर्कवर प्रत्येक यंत्राला आकड्यांचा एक पत्ता असतो आणि मी नव्या डब्याला नवा पत्ता दिला होता. बाईंचं बोलणं बरोबर आहे, हे मला ऐकताक्षणी कळलं. आणि त्याच क्षणी मी म्हणालो, "बाई, हे टपाल नाही. तुमचं टेबल सांभाळा." मग उठून चहाला गेलो. खिडकीवरची माणसं दिसत असताना गेलो.

परत आलो तेव्हा दारातूनच प्रिंटरचा आवाज ऐकू आला. जुन्या संगणकावर पत्त्याची चिठ्ठी चिकटवलेली होती. तोच आकडा बाईंनी डब्याला देऊन टाकला होता. साहेब केबिनबाहेर आले आणि माझ्या पाठीवर थाप मारून म्हणाले, "शाब्बास! जमवलंत शेवटी."

मी बाईंकडे पाहिलं. त्या दाखल्यांवर शिक्के मारत होत्या. "व्हय, सरांनीच केलं," त्या म्हणाल्या. मी शाबासकी घेतली. त्यांनी श्रेय मागितलं असतं, तर मला भांडता तरी आलं असतं.

पुढच्या महिन्यात औरंगाबादला नेटवर्कचं पाच दिवसांचं प्रशिक्षण निघालं. दोन नावं पाठवायची होती आणि ती सुचवायचं काम साहेबांनी माझ्यावर सोपवलं. एक माझं घातलं. दुसरं अशा सहकाऱ्याचं, ज्याला माउस हातात धरायचीही भीती वाटायची. साहेबांची सही झाली, आणि पत्र जावक टेबलावर ठेवल्यावर माझ्या ध्यानात आलं, की ते बाई वाचणार. त्यांनी वाचलं, नोंद केली, क्रमांक टाकला.

"सर, पत्त्यात पिनकोड राहिला व्हता," त्या म्हणाल्या. "टाकला."

प्रशिक्षणात दुसऱ्याच दिवशी शिकवणाऱ्यांनी सांगितलं, की सर्व्हर बदलताना शक्यतो जुनाच पत्ता ठेवावा. सगळ्यांनी वहीत लिहून घेतलं. मी पेन उघडलं नाही.

दोन वर्षांनी बाईंची बदली कळमनुरीला झाली. निरोपाच्या कार्यक्रमात मी दोनच वाक्यं बोललो, त्यातलं एक त्यांच्या वेळेवर येण्याबद्दल. संध्याकाळी मात्र त्यांची पिशवी उचलून बसस्टँडवर गेलो. गाडी लागली. त्या खिडकीशी बसल्या, तेव्हा खालून कसंबसं म्हणालो, "बाई, ते प्रशिक्षणाचं पत्र..."

"वाचलं व्हतं मी, सर."

"मग बोलल्या काहून नाहीत?"

"वाईट वाटलं व्हतं. लई वाटलं. पर मला ते काम येत व्हतं. शिकायचं तर तुमाला व्हतं ना."

त्यात टोमणा शोधून पाहिला, सापडला नाही. कंडक्टरनं घंटी वाजवली, बाईंनी हात हलवला आणि गाडी कळमनुरीच्या रस्त्याला लागली. मी स्टँडवर उभा राहिलो. लाज वाटायला हवी होती, ती नंतर वाटली. त्या वेळी, खरं सांगतो, मला पुन्हा त्यांचा हेवाच वाटला.