फलाट क्रमांक एकवरची बादली

माझे सासरे आयुष्यभर बसस्थानकावर गाड्यांच्या घोषणा करत. ते निवृत्त झाले, सवय निवृत्त झाली नाही. दूध उतू गेलं, पाहुणे आले, कुणी न्हाणीघरात जास्त वेळ रेंगाळलं, सगळ्याची घोषणा होते. "प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावं" असं ऐकू आलं की आम्ही लक्ष देत नाही.

घरातला कचरा कमी करायचं मी मनावर घेतलं तेव्हा माझी प्रत्येक सुधारणा आधी गाजली आणि मग रुजली. आधी कापडी पिशव्या आल्या. दुसऱ्याच दिवशी मी जिन्यातून परत फिरले, तर आतून खणखणीत आवाज आला की भाजीला निघालेली गाडी पिशवी विसरल्यामुळे आगारात परत येत आहे. मग भाज्या धुतलेलं पाणी झाडांना जाऊ लागलं. मग टिश्यू पेपर बंद झाले आणि जुन्या चादरीचे रुमाल आले.

हे मात्र सासऱ्यांना झोंबलं. केळं खाताना कवळी काढून टिश्यूत गुंडाळून ठेवायची त्यांची पद्धत. केळ्यासाठी दातांना कामाला लावायचं नसतं, हे त्यांचं तत्त्व. ज्या चादरीवर मी इतकी वर्षं घोरलो तिच्यात माझे दात ठेवणार नाही, असं त्यांनी ठणकावलं. तेव्हापासून कवळी वर्तमानपत्राच्या तुकड्यात जाऊ लागली.

शेवटी आली खताची बादली. झाकणाची, बुडाला भोकं पाडलेली. बाल्कनीत वारा येणारा कोपरा एकच, आणि तिथे सासऱ्यांची खुर्ची. खुर्ची हलणार नाही, हे त्यांनी घोषणा न करता हळू आवाजात सांगितलं, म्हणजे प्रकरण गंभीर होतं. बादली वॉशिंग मशीनच्या मागे गेली. "वास आला तर मी बोलणार," अशी तंबीही मिळाली.

वास आला नाही. खत रोज हलवायचं असतं, आणि मी आठवण झाली तर हलवायचे. तरी ते भुसभुशीत, काळंभोर होत होतं. फुकटचं यश मिळालं की माणूस फार चौकशी करत नाही.

अशात नव्या बसस्थानकाचं निमंत्रण आलं. पुढे सगळ्या घोषणा यंत्रच करणार होतं, पण पहिली गाडी सासऱ्यांच्या आवाजात सुटावी अशी जुन्या सहकाऱ्यांची इच्छा होती. सासऱ्यांनी शर्टाला स्वतः इस्त्री केली. आरशासमोर तालमी झाल्या. आणि आदल्या दिवशी, दुपारच्या जेवणानंतर, कवळी नाहीशी झाली.

मी मशीनमधले ओले कपडे एकेक करून झटकले. नवरा पलंगाखाली शिरला आणि जुना मोजा घेऊन बाहेर आला. सासऱ्यांनी एकदा "फलाट" म्हणून पाहिलं. नुसती हवा आली. त्यानंतर ते खुर्चीत गप्प बसले. इतकी शांतता आमच्या घरात मी लग्न होऊन आल्यापासून ऐकली नव्हती.

कचऱ्याची गाडी नुकतीच गेली होती. नवरा चपला घालून तिच्यामागे धावायला निघाला, तेव्हा सासऱ्यांनी हात वर करून त्याला थांबवलं. मग ते उठले. खुर्चीच्या उशीमागून एक लाकडी डाव काढला. तो डाव मी कित्येक दिवस शोधत होते. मशीनमागची बादली त्यांनी पुढे ओढली, झाकण बाजूला ठेवलं आणि कडेकडेने, तळातून वर, असं सराईत हाताने ढवळायला घेतलं. आजच्या केळ्याच्या सालीला चिकटून कागदाची पुरचुंडी वर आली. पुरचुंडीतून दात आमच्याकडे बघून हसत होते.

"बाबा, रोज तुम्ही हलवता हे?" मी विचारलं.

"तू हलवत नाहीस म्हणून," ते बोळक्या तोंडाने म्हणाले. "वास आला असता तर मला बोलावं लागलं असतं. मग तू उचलून टाकली असतीस ती."

नवऱ्याने चपला काढल्या. पूर्वीसारखी साल कचऱ्याच्या डब्यात गेली असती, तर आज दात गाडीत बसून गावाबाहेर पोचले असते, असं तो म्हणाला.

कवळी मी कोमट पाण्यात इतक्या वेळा घासली की मलाच दया आली. तोंडात घालण्याआधी सासऱ्यांनी ती तीनदा हुंगली.

दुसऱ्या दिवशी पहिली गाडी सुटली. "फलाट"मधला "फ" असा फुटला की ड्रायव्हर दचकला. टाळ्या झाल्या, चहा झाला, यंत्राने पुढचा कारभार हाती घेतला.

घरी आल्यावर सासरे बाल्कनीत गेले आणि स्वतःच खुर्ची ओढून भिंतीशी लावली.

"प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावं. खताची बादली आजपासून फलाट क्रमांक एकवर लागेल. खुर्ची क्रमांक दोनवर."

आम्ही लक्ष दिलं. बादली उचलून वाऱ्याच्या कोपऱ्यात नेऊन ठेवली.

आता केळं रोज दुपारी होतं. पण साल बादलीत टाकण्याआधी सासरे तोंडातल्या तोंडात जीभ फिरवून दात मोजतात, आणि मगच झाकण उघडतात.