तोंड शिवून पाहिलेला बॅले

आमच्या घरात कुणी हळू आवाजात बोललं, तर आम्ही आधी कपाळाला हात लावून ताप बघतो. माझी आई बोईसरच्या बाजारात मासळी विकते. तिथे तराजू विसरला तरी दिवस निघतो, गळा बसला तर निघत नाही. भाऊ होडीवर तांडेल आहे, म्हणजे होडीवर त्याचा शब्द शेवटचा. इंजिनाच्या वरताण ओरडत त्याचं आयुष्य गेलं, त्यामुळे जेवताना त्यानं मीठ मागितलं की शेजारच्या घरातूनही मीठ येतं. वहिनी लग्न होऊन आली तेव्हा म्हणे फार मवाळ होती. आता तिची हाक खाडीपलीकडची माणसंसुद्धा ओळखतात. त्यातल्या त्यात सभ्य अशी मीच, कारण मी बोईसरला लागून असलेल्या सालवडला राहते आणि एका कारखान्याच्या ऑफिसात नोकरी करते. नवऱ्याचं याबाबत वेगळं मत आहे, पण त्याला इथे कुणी विचारलेलं नाही.

अशा घरातली पोर बॅले शिकायला लागली.

पोर म्हणजे माझी भाची, भावाची मुलगी. शाळा बोईसरला, म्हणून आठवडाभर माझ्याकडे राहते आणि शनिवारी गावाला जाते. आमच्या घराजवळ एका दुकानाच्या वर नाचाचा क्लास आहे. तिथल्या बाई हिंदी गाण्यांवरचे नाच शिकवतात, आणि ज्या मुली त्यांना टिकाऊ वाटतात त्यांना बॅले. ही टिकाऊ निघाली. बॅले म्हणजे नक्की काय, ते मला रात्री गुपचूप मोबाइलवर बघावं लागलं. बघितलं आणि माझ्या पोटऱ्यांत गोळे आले.

तेव्हापासून माझ्या स्वयंपाकघरात माझं काही चालेना. ही ओट्याला धरून एका पायावर उभी, दुसरा पाय फ्रीजच्या दिशेला. मधूनच गिरकी. गिरकीच्या शेवटी तोल जायचा आणि डब्यांची उतरंड खाली यायची. मी चिडले की म्हणायची, "आत्या, बाई म्हणतात पोटातून ताठ राहायचं." मी म्हणायचे, "पोटातून ताठ राहा, पण माझ्या डाळीच्या डब्यापासून लांब राहा." एक मात्र मला जाणवायचं. क्लासमध्ये ही 'आहे', 'नाही' असं छापील बोलायची. गावाला जाताना चिंचणीला उतरली की जीभ लगेच घरची होऊन 'हाय' आणि 'नाय' सुरू. क्लासमधल्या बाकीच्या मुली तारापूरच्या अणुवीज केंद्राच्या वसाहतीतल्या, इंग्रजीतच भांडणाऱ्या. त्यांच्यासमोर गावची बोली काढायची नाही, हा तिनं स्वतःच घातलेला नियम होता. मला तो आवडत नव्हता. पण त्या वयात मीही हेच केलं असतं, म्हणून गप्प राहायचे.

डिसेंबरच्या सुरुवातीला बाईंनी जाहीर केलं की नाताळच्या सुट्टीत वसाहतीतल्या हॉलमध्ये बॅलेचा कार्यक्रम होणार. गोष्ट बाईंनीच रचलेली. एका गावात बर्फ पडतो, सकाळी ऊन येतं आणि सगळे कण वितळतात, पण एक कण हट्टी असतो, तो वितळायला तयार होत नाही. तो हट्टी कण म्हणजे आमची पोर. शेवटी स्टेजवर ती एकटी, आणि ती लांबलचक गिरकी, जिच्यात तिचा आजवर दहा वेळा तरी तोल गेला होता.

ही बातमी ऐकून मी तिला जवळ घ्यायला गेले, तर तिनं हात पुढे करून मला अडवलं. "एक अट आहे," म्हणाली. "आपल्याकडचं कुणी एक आवाज काढायचा नाही. एकसुद्धा. या वेळी कुणी ओरडलं तर मी क्लास सोडणार."

ती नुसतं बोलत नव्हती, हे मला कळलं, कारण मागच्या वर्षीच्या शाळेच्या गॅदरिंगला मी हजर होते. हिचा नाच सुरू झाला आणि आईनं बाजारातल्या आवाजात सगळ्या हॉलला कळवलं, "ती बगा, ती लाल झगेवाली, माजी नात!" नाच संपला नव्हता तोच ती पायऱ्या चढून स्टेजवर गेली, आणि नातीच्या चेहऱ्यावरून हात फिरवून स्वतःच्या कानशिलांवर कडाकडा बोटं मोडली. माईकनं तो आवाज व्यवस्थित पकडला. आमच्या गावात याला माया म्हणतात. शाळेत मात्र पुढचे कित्येक दिवस पोरी हिला बघून कानशिलांवर बोटं मोडत होत्या. ही महिनाभर आजीशी धड बोलली नाही. त्या महिन्यात आईचा बाजारातला आवाजसुद्धा उतरला होता.

म्हणून अट पोचवायचं काम माझ्या गळ्यात पडलं. मी गावाला गेले आणि अंगणात सगळ्यांना बसवून सांगितलं. आई आधी भडकली. "माजी नात नाचते न मी गप बसू? मयताला जातो काय आमी?" मग क्लास सोडण्याची गोष्ट ऐकली आणि एकदम मऊ झाली. "माज्यामुलं तिचा नाच जायला नको," म्हणाली. "पन मला जमल काय गो?" तिच्या तोंडून अशी शंका मी पहिल्यांदाच ऐकली.

तोडगा भावानं काढला. घोळ हा आमच्याकडचा सगळ्यात भारी मासा. त्याचा थवा पाण्याखाली चालतो तेव्हा गुरगुरतो. जुनी माणसं होडीच्या फळीला कान लावून तो आवाज ऐकत आणि जाळं कुठे टाकायचं ते ठरवत. त्या वेळी होडीत कुणी खोकायचंही नाही. तांडेल हाक देईल तेव्हाच सगळ्यांनी ओरडायचं आणि जाळं ओढायला लागायचं. भाऊ म्हणाला, "घोलीवर गेल्यासारका बसायचा. हाक येय तवर कोन हलनार नाय." सगळ्यांनी माना डोलावल्या. इतका वेळ मी शिस्त, सभ्यता, कलेचा मान वगैरे बोलत होते ते वाऱ्यावर गेलं होतं, आणि हे एका वाक्यात पोचलं. मी खूश झाले. हाक कुणी द्यायची हे मात्र कुणी विचारलं नाही, आणि टाळ्यांबद्दल तर कुणी बोललंच नाही. आमच्याकडे हळदीत कुणी नाचायला लागलं की बाकीचे खुर्चीत बसून टाळ्या वाजवत नाहीत. ते उठतात आणि नाचतात.

कार्यक्रमाच्या दिवशी भावानं होडी काढली नाही. मासळीचा टेम्पो साबणानं धुतला आणि घरची, भावकीची मिळून दोन रांगा भरतील एवढी माणसं त्यातून उतरली. आईनं ठेवणीतलं लुगडं नेसलं होतं आणि केसांत अबोलीचा वळेसर होता. पडद्यामागे जाऊन तिनं नातीचा तो फुगीर पांढरा झगा दोन बोटांत धरून तपासला. "जाला बारीक हाय," ती जाणकारीनं म्हणाली. "यात जवला पन आडकेल." नातीनं ओठांवर बोट ठेवलं. आईनं तिथूनच तोंड बंद केलं ते बंद केलं.

आमच्या पुढच्या रांगेत एक बाई बसल्या होत्या. आम्ही येऊन बसलो तशा त्यांनी नाकाला रुमाल लावला. टेम्पो धुतलेला, माणसं धुतलेली, आईच्या अंगाला तर चक्क अत्तराचा वास. त्या बाईंना बहुधा आमच्या लुगड्यांचाच वास आला असावा. माझ्या जिभेवर उत्तर तयार होतं, पण मीच नियमाची रखवालदार, काय करणार?

दिवे गेले आणि कार्यक्रम सुरू झाला. आमच्या माणसांची ती शांतता मी जन्मात विसरणार नाही. पुढच्या बाई वेफर्सचं पाकीट फोडून कुरुमकुरुम खात होत्या. कुणाचं पोर रडत होतं, कुणी फोनवर "हां, बोल" करत होतं, अर्धा हॉल मोबाइल वर धरून व्हिडिओ काढत होता. आणि ज्यांना शांत बसायला सांगितलं होतं ते आमचे लोक श्वाससुद्धा विचारून घेत होते. वहिनीनं पदराचा बोळा तोंडात कोंबला होता. चुलत्याला खोकला आला तर त्यानं तो गिळला आणि त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. वरून कागदी बर्फ पडायला लागला तेव्हा मला आईची खरी काळजी वाटली, कारण बर्फ हा तिचा रोजचा विषय. कुठल्या फॅक्टरीचा चांगला, कुठला दुपारपर्यंत पाणी होतो, यावर ती तासभर बोलू शकते. ती नुसती माझ्याकडे वळून डोळे मोठे करत राहिली. मला हसू आवरेना, म्हणून मी स्वतःला चिमटा काढला.

मग ऊन आलं, म्हणजे पिवळा दिवा लागला. बाकीचे कण हात खाली घेत, गुडघे वाकवत विरघळले आणि सरपटत आत गेले. आमची पोर एकटी उरली. आईनं माझे दोन्ही हात धरले. मासे कापून कापून चिवट झालेले तिचे हात, माझ्या बांगड्या कातडीत रुतल्या. पोरीनं पाय उचलला, हात वर घेतले आणि गिरकी सुरू केली. पहिला फेरा गेला. दुसऱ्याला तिची टाच जराशी हलली, ती फक्त मला कळली, कारण त्या हलण्यानंतर माझे डबे पडत आले होते. ती पडली नाही. पोटातून ताठ राहिली, आणखी फिरली, आणि थांबली ती एका पायावर, हात वर, हट्टी.

हॉलमध्ये टाळ्यांचा कडकडाट झाला. पुढच्या बाईंनी वेफर्स मांडीवर ठेवून टाळ्या वाजवल्या. पोरीनं वाकून नमस्कार केला आणि मान वर करून सरळ आमच्याकडे पाहिलं.

आमच्या दोन्ही रांगा दगड झाल्या होत्या. कुणाचा हात हलत नव्हता. सगळे भावाकडे बघत होते, कारण तांडेल तो. आणि भाऊ स्टेजकडे बघत होता. नंतर त्यानं मला समजावलं, "होडी तिची होती ना. हाक तिनं द्यायची." मी टाळ्या वाजवायला धडपडत होते, पण आई हात सोडेना. तिच्या कानात "आई, आता चालतं" म्हटलं तर तिनं मलाच डोळ्यांनी दटावलं. माझी चूक माझ्या लक्षात आली, आणि ती सुधारायला माझ्याकडे हातच नव्हते.

पोरीच्या चेहऱ्यावर बाईंनी शिकवलेलं हसू तसंच होतं, पण हनुवटी थरथरायला लागली. ती हनुवटी मी रोज बघते. तिला वाटलं आजी रुसली. अट घातली म्हणून सगळं घर रुसलं, आणि आता तिचं नाचणं त्यांना नकोच आहे. हे तिनं मला दुसऱ्या दिवशी सांगितलं, पण त्या क्षणीही मला ते लख्ख दिसत होतं आणि मला रडू फुटलं.

पडदा सरकायला लागला. तो अर्ध्यावर आला तेव्हा ती पळत पुढे आली, अगदी स्टेजच्या कडेला. तो पांढरा झगा, डोक्यावर चमकीचा मुकुट, आणि सगळ्या वसाहतीसमोर, क्लासमधल्या सगळ्या मुलींसमोर, तिनं आमच्या घराचा खरा गळा काढला:

"आजेऽऽ! अगं वरड ना! मी पडले नाय! सगली गप कशाला बसलाय?"

मग भाऊ उठला आणि त्यानं अशी हाक घातली की पडदा ओढणारा माणूस दोरी सोडून मागे सरकला. त्यामागून सगळ्यांनी इतका वेळ दाबून धरलेलं सगळं बाहेर काढलं. आरोळ्या, शिट्ट्या, खुर्च्यांवर थापा, चुलत्याचा राहिलेला खोकला. आईनं माझे हात सोडले आणि उभी राहून ओरडायला लागली. तिच्या ओरडण्यात शब्द नव्हते, नुसता आवाज होता. मी दोन बोटं तोंडात घालून शिट्टी मारली. कारखान्यात कुणाला माहीत नाही की मला ती येते.

पुढच्या बाई वळल्या. "अहो, इथे बॅले चाललाय!"

"बॅले संपला, ताई," मी म्हणाले. "आता आमचं सुरू झालंय."

स्टेजवर पोर आमच्या रांगांकडे तोंड करून पुन्हा वाकली. बाईंनी शिकवलेला तो मोठा नमस्कार, एक पाय मागे, झगा दोन्ही हातांत, मान खाली. गुडघा थरथरत होता, मुकुट घसरून एका कानावर आला होता, तरी ती उठेना. आजी ओरडायची थांबेपर्यंत ती तशीच वाकून राहणार होती. आणि माझी आई अधूनमधून थांबत होती, पण ती फक्त श्वास घ्यायला.