वरखालीकाका सहावा भाग बघून येतात

एकतीस वर्षं लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या माणसाला शेजारपाजारचे दुसरं काय म्हणणार? वरखालीकाका म्हणायचे. काकांनी जन्मात मारामारीचा सिनेमा पाहिला नव्हता. काकूंनी मात्र त्या दोन भावांच्या सिनेमाचे पाचही भाग पहिल्या दिवशी, पहिल्या खेळाला पाहिलेले. खिडकीतून उडी मारण्याआधी थोरला कसा घसा खाकरतो, तेसुद्धा त्या करून दाखवायच्या. सहावा भाग लागला तेव्हा काकूंची नजर जाऊन वर्ष झालं होतं.

"तुम्ही जा," त्या म्हणाल्या. "बघा आणि मला सांगा. सगळं. डुलक्या काढायच्या नाहीत."

"तुझ्या बहिणीला पाठव की."

"ती काय सांगणार? 'अगं ताई, मस्त होता गं, जाऽऽम मस्त होता.' संपला सिनेमा. मला तो दिसायला हवाय."

काका गेले. पडद्यावर धाकटा भाऊ आला तशा शिट्ट्या वाजल्या आणि शेजारच्या खुर्चीतली कॉलेजची मुलगी चक्क नाक ओढायला लागली.

"काय झालं गं?"

"किती गोड होता ना हा, काका."

"होता काय? समोर उभाय की धडधडीत."

"आधीचे भाग बघितले नाहीत तुम्ही?"

"नाही."

"मग बघा गपचूप."

काकांनी गपचूप बघितलं. पण दोर तुटला, लिफ्ट धाकट्याला घेऊन खाली सुटली, सगळ्या थिएटरने श्वास रोखला आणि काकांच्या तोंडून खणखणीत निघून गेलं, "अशी पडत नाही ती. ब्रेक लागतो." मागच्या तीन रांगांतून शुक्‌शुक् झालं. तेवढ्यात थोरल्याने धाकट्याला एका हाताने वर ओढला. शेवटी दोघे भाऊ गाडीत बसून निघून गेले.

घरी येऊन चपला काढायच्या आधीच काकांनी बातमी दिली, "धाकटा वाचला."

काकू पलंगावर ताठ झाल्या. "काय सांगता? अहो, चौथ्या भागात गेला तो. आठवडाभर घास उतरला नव्हता मला."

"या डोळ्यांनी बघून आलोय. गाडी चालवत गेला."

काकूंचा चेहरा असा उजळला की काकांना आपणच त्याला वाचवल्यासारखं वाटलं. "स्फोटातून कसा सुटला? काय दाखवलंय?"

"स्फोट कुठला? एकवीस वर्षांचं पोर ते. आत्ता कुठे कामाला लागलंय."

काकू पुन्हा उशीला टेकल्या. मग हळूच म्हणाल्या, "अहो, ही आधीची गोष्ट आहे. तो जायच्या आधीची."

"म्हणजे वाचला नाही?"

"आज वाचला."

"मग त्याला कोणी सांगत का नाही?"

"कोण सांगणार?" काकू म्हणाल्या. "जाऊ दे ते. तो कसा दिसत होता, ते सांगा."

काका खुर्ची ओढून बसले आणि सांगू लागले. दोराचे पदर कसे सुटत गेले, दाराखालची पट्टी कशी झिजली होती, लिफ्टच्या छतावर दिवा कसा नव्हता. काकूंनी सगळं ऐकून घेतलं.

"हे लिफ्टचं झालं. आणि तो?"

"निळा शर्ट होता."

"आणि चेहरा? थोरल्याने वर ओढल्यावर काय केलं त्याने?"

काकांना आठवत होती ती तुटलेल्या दोराची लोंबती टोकं. बाकी काही केल्या आठवेना.

"हसला," ते म्हणाले.

"कसा?" काकू पुढे सरकल्या. "गालातल्या गालात, की मोठ्याने? आधी थोरल्याकडे बघितलं की खाली?"

काकांनी तोंड उघडलं. काकू मान किंचित कलती करून वाट बघत होत्या.