गव्हाणीपुढे फेटा चालत नाही

साऱ्या बीड जिल्ह्याची काळजी एकट्याने वाहण्याचा मक्ता जर कुणाला मिळाला असेल, तर तो माझ्या साडूंना, आणि तोही कुणी न देता. साडू म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे, आक्काचे यजमान. आमच्या भागातल्या एका सहकारी साखर कारखान्यात कामगारांच्या सुरक्षेचं खातं त्यांच्याकडे होतं. खातं म्हणजे ते स्वतः, गळ्यातली एक शिट्टी आणि हेल्मेटांनी भरलेलं एक कपाट. नमस्काराच्या आधी त्यांच्या तोंडून "जपून!" निघायचं, म्हणून कामगार त्यांना जपूनराव म्हणायचे. केजला आमच्या घरी आले की उंबऱ्यातच थबकून वर छताकडे बघत. "गुरुजी, पंख्याचा नट कधी बघितलता?" मी शाळामास्तर, दिवसभर पोरांपुढे ओरडून जीव मेटाकुटीला आलेला, आणि दारात हा प्रश्न. मग ते खुर्ची भिंतीला लावून बसत आणि चहा होईपर्यंत गॅसच्या नळीला साबणाचं पाणी लावून बुडबुडे येतात का ते बघत. बुडबुडे आले नाहीत की थोडे हिरमुसायचे, असा मला कायम संशय होता.

त्यांच्याबरोबर कुठं जाणं म्हणजे शिक्षाच. एकदा मांजरसुंब्याच्या ढाब्यावर जेवायला थांबलो, तर हे थेट भटारखान्यात. आचाऱ्याच्या खांद्यावरचा टॉवेल भट्टीवर लोंबत होता, तो त्यांनी स्वतःच्या हातानं त्याच्या कमरेला खोचला. मालकाला वाटलं, सरकारी तपासणी आली. बिचाऱ्यानं आम्हाला न मागता दही वाढलं. भाच्याच्या लग्नात अक्षता पडायच्या ऐन वेळी ह्यांनी मांडवातल्या बायकांची अख्खी रांग उठवली, का तर वरची दिव्यांची वायर सैल दिसली. लग्नाच्या फोटोत सगळे नवरा-नवरीकडे बघताहेत आणि एकटे साडू आभाळाकडे.

दुष्काळात तरी माणूस गप्प बसेल की नाही? छे! उसाचं टिपरूही नव्हतं, सलग दोन हंगाम कारखान्याची चिमणी थंड होती. तरी हे रोज डबा घेऊन जायचे आणि बंद यंत्रांभोवती "जपून" म्हणत फिरायचे. गावच्या विहिरीत टँकर रिकामा होताना बाया काठावर ओणव्या होतात हे त्यांनी पाहिलं आणि विहिरीला चारी बाजूंनी दोरी बांधली. दुसऱ्या दिवशी दोरी गायब. चौकशी केली तर एक म्हातारी म्हणाली, "बादलीला दोर न्हाई आन् इहिरीला कावून बांधायचा?" कपाटातली हेल्मेटं कामगारांनी घरी नेली होती, त्यांतून शेळ्या पाणी पीत होत्या. साडू संतापले. "आरं, डोस्कं फुटल्यावर शेळीला पाणी कोन पाजणार?" त्या कामगारांतला एक गडी शांतपणे म्हणाला, "साहेब, आधी पानी तर येऊ द्या."

एवढी भीती आली कुठून, असं मी एकदाच विचारलं. त्यांच्या नोकरीच्या पहिल्या हंगामात त्यांच्याशेजारी उभ्या असलेल्या सोबत्याचा पटका चालत्या यंत्राच्या साखळीत गेला होता. "पटका गेला, गुरुजी, आन् पटक्यामागं..." एवढं बोलून ते उठले आणि उगाचच आमची खिडकी नीट लागते का ते बघू लागले. त्यानंतर मी त्यांची थट्टा कमी केली. बंद केली नाही, कमी केली.

अखेर एक बरा पावसाळा झाला, ऊस उभा राहिला आणि कारखाना सुरू व्हायचा दिवस ठरला. आदल्या दिवशी आक्का आमच्याकडे आली. कारखान्यात माणसं कमी करायचं घाटत होतं आणि चेअरमनसाहेबांना साडू आधीच डोळ्यांत खुपत होते. "दाजी, तुमी उद्या त्यांच्याजवळ उभं ऱ्हावा. तेवढं तोंड बंद ठेवलं तर नोकरी टिकंल. मी त्यांना माझी शपथ घातलीय."

दुसऱ्या दिवशी मी साडूंच्या खांद्याला खांदा लावून उभा. समोर गव्हाण, म्हणजे ऊस आत ओढून नेणारी सरकत्या साखळ्यांची लांबलचक पन्हळ. तिची पूजा करून पहिली मोळी टाकायची असते. चेअरमनसाहेब आले, अंगावर शाल, डोक्याला गुलाबी फेटा, फेट्याचा मागे सोडलेला शेमला पार कमरेपर्यंत. साडूंनी माझा हात दाबला. मला वाटलं, जिंकलो. तेवढ्यात ते पुढं झाले आणि हात जोडून म्हणाले, "साहेब, शाल-फेटा तेवढा काढून ठेवा. साखळी चालू हाय."

"सुरुवातीलाच फेटा काढू? मयतीला आलोय काय मी?" साहेब गरजले. संचालक हसले. साडू मागं सरकले ते थेट यंत्र थांबवायच्या लाल बटणापाशी जाऊन उभे राहिले.

"साडूभाऊ, आक्काची शपथ हाय," मी कानाशी म्हणालो.

"न बोलायची शपथ हाय, गुरुजी. आता बोलतच न्हाई मी."

सनई लागली. मोळी टाकायला साहेब वाकले, शेमला खांद्यावरून पुढं घसरला, त्याचं टोक साखळीवर पडलं आणि साडूंनी बटण दाबलं. कर्कश आवाज करत गव्हाण थांबली. सनई थांबली. बायकांतून कुणीतरी म्हणालं, "अगं बया, अपशकुन!" शेमला पडलेला मी डोळ्यांनी पाहिला होता. तसं मी ओरडून सांगितलंही. पण "तुमी तर त्यांचे साडूच!" म्हणून सगळ्यांनी मलाच गप्प केलं. आठवडाभरात साडू घरी बसले. आक्का त्यांना एका शब्दानं बोलली नाही. ती बोलली असती तर बरं झालं असतं, असं ते मला म्हणाले.

पुढच्या हंगामाला मी मुद्दाम गेलो. गव्हाणीच्या अलीकडच्या भिंतीला नव्या लाकडी खुंट्या ठोकलेल्या. चेअरमनसाहेबांनी स्वतः फेटा उतरवून खुंटीला टांगला, शाल टांगली आणि बोडक्या डोक्यानं पुढं गेले. मागोमाग सगळे संचालक. मी पूजा सांगणाऱ्या काकांना कारण विचारलं. "गव्हाणीपुढं फेटा चालत न्हाई, गुरुजी. लई बाधतो. मागं एकदा अपशकुन झालता."

मी तडक साडूंकडे गेलो. सगळं सांगितलं. ते आधी हसले, मग धोतराच्या सोग्यानं डोळे पुसले. "अपशकुनाच्या धाकानं का हुईना, पर काढत्यात ना? बास झालं." आणि एकदम म्हणाले, "गुरुजी, त्या खुंट्या डोळ्यांच्या उंचीला तर न्हाईत ना? कुणाचा डोळा जायचा." मी थकून म्हटलं, पुढच्या हंगामाला बघून सांगतो.

पुढचा हंगाम झालाच नाही, पुन्हा पाऊस गेला होता. कारखाना पुन्हा सुरू व्हायच्या आत साडूही गेले, अंथरुणात, झोपेत, कुठलाही अपघात न होता. या वर्षी चिमणी पेटली तेव्हा मी एकटाच गेलो. खुंट्या बरोबर डोळ्यांच्या उंचीला होत्या. तिथल्या तरुण कारकुनाला मी म्हटलं, "बाबा, ह्या जरा वर घ्या, कुणाचा तरी डोळा जाईल." आम्ही सगळे साडूंकडे बघायचो ना, अगदी तसंच त्यानं माझ्याकडे पाहिलं. मला त्यांची फार आठवण आली.